आयव्हन: मेडल असूनही आवडलेलं पुस्तक

द वन अँड ओन्ली आयव्हन, लेखिका कॅथरीन ॲपलगेट. स्पॉयलर आहेत, आधीच सांगते.

मेडलवाल्या पुस्तकांची मला जरा धास्तीच असते. न्यूबेरी (अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांना मिळणारं मेडल) म्हटलं की आई नाहीतर कुत्रा, कोणीतरी जाणारच, आणि लेखक पानापानावर रडा रडा करत मागे लागणार. याला २०१३ चं न्यूबेरी आहे, त्यामुळे कॉलेज रोडच्या दुकानात लेकीने उचललं तेव्हा मी काही फार खूश नव्हते.

पण हे तसलं नाहीये हो. मॉलमध्ये पिंजऱ्यात ठेवलेला गोरिला स्वतःची गोष्ट सांगतो, आणि तीही किती कमी बोलून! काही प्रकरणं तर अर्ध्या पानात संपतात. (असा आयव्हन खरंच होता, अमेरिकेत टॅकोमाच्या मॉलमध्ये २७ वर्षं काढली त्याने, १९९४ मध्ये अटलांटाच्या झूमध्ये गेला.) स्टेला हत्तीणीचा पाय चिघळतो, मालक मॅक खर्चापायी डॉक्टर बोलवायची टाळाटाळ करतो आणि एका रात्री ती जाते. एवढंच. पण मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच, आयव्हन आधी सारखा म्हणतो की लहानपणचं फारसं आठवत नाही, आणि स्टेला गेल्यावर रुबी या हत्तीच्या पिल्लाला गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा कळतं की सगळं आठवतंय त्याला, जंगल, जुळी बहीण टॅग, तिचं मरणं, सगळं. शिवाय ज्याचा इतका राग येतो त्याच मॅकने त्याला लहानपणी घरात पोरासारखं वाढवलेलं, मग धड चिडताही येत नाही.

आमचं रडणं 'श्यामची आई'वर पोसलेलं, ते तर साने गुरुजींनी १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं. तिथे श्याम स्वतः रडतो आणि आपल्याला सोबत घेतो. आयव्हन मात्र गप्प बसतो, रडायचं काम आपल्यावर टाकून. मला आता हे जास्त झेपतं, आईला अजूनही श्यामच लागतो, ती म्हणाली हा गोरिला फारच शिष्ट आहे. असो!

खटकलं काय, तर मधेमधे वाक्यं शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखी येतात आणि शेवट जरा जास्तच सुरळीत होतो. लेकीला यातलं काहीच खटकलं नाही, ती आयव्हन शेणाचे गोळे फेकतो तिथे खदाखदा हसली आणि स्टेलाच्या वेळी पुस्तक उशीखाली ठेवून माझ्याशी बोलेनाशी झाली.

इंग्रजी सोपंय, वाक्यं छोटी, सेमी इंग्लिशची पाचवी-सहावीची पोरं आरामात वाचतील. प्राण्यांत फार जीव असलेलं मूल असेल तर मात्र स्टेलापर्यंत सोबत बसून वाचा. डिस्नेचा सिनेमा २०२० चा आहे, तो नंतर दाखवा.