मॅकवर विंडोज घ्यायचंय? आधी तुमच्या लॉकचं बघा

मी २७ वर्षं मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं लावायचं काम करते, त्यातली शेवटची बारा पुण्यात घरूनच. यंदा मुलीने नवा लॅपटॉप घेतला आणि तिचा मॅकबुक एअर माझ्याकडे आला. एम२ चिप, १६ जीबी मेमरी. पंखाच नाही, त्यामुळे रात्री प्रुफं बघताना घरात चिडीचूप. पानं लावायचं इनडिझाइन झकास चालतं. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला की जोडाक्षरं आपापल्या जागी येऊन बसतात. अडलं ते एवढंच, की आमच्या धंद्याचा निम्मा संसार अजून विंडोजवर आहे. लेखक अजूनही जुन्या फॉन्टमधल्या वर्डच्या फाइली पाठवतात. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणायचा माझा कन्व्हर्टर विंडोजचा. आणि २००५ पासूनची पुस्तकं ज्यात लावली ते सॉफ्टवेअरही विंडोजचं, वर त्याला यूएसबीचं लॉक, म्हणजे पोर्टात खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडूच न देणारी छोटी किल्ली.

इंटेलचे मॅक होते तेव्हा बूट कॅम्पने विंडोज सरळ टाकता यायचं. २०२० च्या शेवटी अ‍ॅपलने स्वतःच्या चिपा आणल्या आणि त्या मशीनवर ती सोय उरली नाही. आता मॅकच्या पोटात एक खोटं मशीन उभं करायचं आणि त्यात विंडोज ११ घालायचं, तेही आर्म चिपसाठीचं, कारण अ‍ॅपलच्या चिपा त्याच जातीच्या. ऑफिसातल्या पीसीवर टाकतो ते विंडोज इथे चालत नाही. दुकानदाराने मला ‘मॅडम, सगळं चालतं’ असं सांगितलं होतं. सगळं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही ही माझी चूक.

असं खोटं मशीन उभं करणारी सॉफ्टवेअरं असतात. सुरुवात त्यातल्या पॅरलल्सपासून केली, १४ दिवस फुकट वापरायला मिळतं म्हणून. खरं सांगायचं तर इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. विंडोज तेच उतरवून घेतं, तेच बसवतं. मी तेवढ्यात कुकर लावून आले. कोहिरन्स नावाची सोय आहे, तिच्यात विंडोजचा डेस्कटॉप दिसतच नाही. कन्व्हर्टरची खिडकी इनडिझाइनच्या शेजारी, मॅकचंच सॉफ्टवेअर असल्यासारखी उघडते. इकडून कॉपी, तिकडे पेस्ट. माझा कन्व्हर्टर जुना, ३२ बिटी, पण आर्मचं विंडोज अशा सॉफ्टवेअरसाठी नेहमीच्या पीसीतल्या इंटेलछाप चिपचं सोंग आपणहून घेतं, आणि २०० पानांची कादंबरी चहा गाळेपर्यंत रूपांतरित होऊन आली. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली या चिपांवर विंडोज चालवायला पॅरलल्सला अधिकृत मान्यताही दिली आहे. प्रश्न पैशाचा. स्टँडर्ड आवृत्तीला वर्षाला १०० डॉलरच्या घरात, विंडोजचा परवाना वेगळा. रोज आठ तास विंडोज लागत असेल तर द्यावेत. मला दिवसाला अर्धा तास लागतं.

एक गंमत इथेच सांगते. जुन्या फॉन्टमध्ये काम केलेल्यांना अल्ट दाबून आकडे मारायची सवय असते. काही जोडाक्षरं, अवतरणचिन्हं माझ्या बोटांना आकड्यांनीच पाठ आहेत. मॅकबुकला आकड्यांचा वेगळा पॅड नाही. तेव्हा यूएसबीचा सुटा पॅड आणला. मॅकचं ऑप्शन बटण विंडोजमध्ये अल्ट म्हणून चालतं, त्यामुळे बोटांचा जीव भांड्यात पडला.

मग त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, व्हीएमवेअर फ्यूजन. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते सगळ्यांना फुकट आहे, धंद्याच्या कामालासुद्धा. त्यासाठी त्याची मालक कंपनी ब्रॉडकॉम, तिच्या पोर्टलवर खातं उघडावं लागतं. विंडोज ११ ला टीपीएम नावाची सुरक्षेची चिप लागते, ती फ्यूजन खोटी तयार करतं आणि त्यासाठी खोट्या मशीनला पासवर्ड घालायला लावतं. हा पासवर्ड वहीत लिहून ठेवा, मी दाराच्या मागे लिहिलाय. पॅरलल्सइतका लाडिक कारभार नाही, विंडोज आपल्या चौकटीत राहतं. पण कन्व्हर्टर तितक्याच निमूटपणे चालला आणि १६ पैकी ६ जीबी त्याला दिली तरी इनडिझाइन कुरकुरलं नाही. ८ जीबीचा मॅक असेल त्यांनी मात्र या वाटेला जाण्याआधी दोनदा विचार करावा. डिस्कचंही बघा, ६४ जीबी तर विंडोजच मागतं.

आता लॉक. पॅरलल्स असो की फ्यूजन, यूएसबीचं लॉक विंडोजच्या हवाली करता येतं. विंडोजला ते दिसलंही. पण सॉफ्टवेअर उघडलं की चौकट: लॉक सापडत नाही. दोन संध्याकाळी वेगवेगळी पोर्टं बदलण्यात गेल्या, मग कारण कळलं. साध्या सॉफ्टवेअरसाठी आर्मचं विंडोज सोंग घेतं, पण ड्रायव्हरसाठी, म्हणजे जोडलेलं यंत्र विंडोजला वापरता यावं म्हणून लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, घेत नाही. ड्रायव्हर आर्मसाठीच लिहिलेला हवा. माझ्या लॉकचा ड्रायव्हर २०११ चा. कंपनीला फोन केला, तर तिथला मुलगा म्हणाला, ‘काकू, नवी आवृत्ती घ्या, त्याला लॉकच नाही.’ नव्या आवृत्तीची किंमत ऐकून मी त्याला धन्यवाद दिले.

शेवटचा प्रयत्न यूटीएम या तिसऱ्या सॉफ्टवेअरवर केला. हेही फुकट. याचं वैशिष्ट्य असं, की ते अख्ख्या इंटेल मशीनचं सोंग आणू शकतं, म्हणजे नेहमीच्या पीसीवरचं जुनं विंडोज, जुन्या ड्रायव्हरसकट. मी विंडोज ७ टाकून पाहिलं. चालतं, पण पान खाली सरकवलं की ते विचार करून सरकतं. यात यूटीएमचा दोष नाही. एका चिपने दुसऱ्या चिपची प्रत्येक आज्ञा भाषांतर करून पाळायची म्हटल्यावर वेळ लागणारच. जुनी फाइल वर्षातून एकदा उघडून बघायची असेल तर ठीक. तिच्यात १६० पानं लावायची म्हणाल तर हात जोडले. पॅरलल्सनेही २०२५ च्या जानेवारीत असं सोंग चाचणीपुरतं आणलं, पण तेव्हा त्यात यूएसबीच चालत नव्हतं, म्हणजे माझ्या दृष्टीने मुद्दाच संपला.

तर माझ्या मॅकवर आता फ्यूजन आहे, रोजच्या कन्व्हर्टरसाठी. माझ्या मैत्रिणीला दिवसभर विंडोजमधलं अकाउंटिंग लागतं, तिला मी पॅरलल्स घ्यायला लावलं आणि ती खूश आहे. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी मात्र पैसे भरण्याआधी त्या टोकनचा आर्मसाठी ड्रायव्हर आहे का, हे विचारून घ्या. चाचणीचे १४ दिवस त्यासाठीच वापरा, नुसतं विंडोज उघडतंय याचं कौतुक करण्यात घालवू नका.

लॉकवाल्या सॉफ्टवेअरसाठी जुना पीसी टेबलाखालीच ठेवलाय. त्यावर विंडोज प्रो आहे, त्यामुळे मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने आत शिरता येतं. काही लॉकं रिमोटने आलेल्या माणसाला ओळख देत नाहीत, माझं देतं. घरातल्याच वायफायवर असल्याने टायपिंगही मागे पडत नाही. लॉक पीसीच्या पाठीत सेलोटेप लावून बसवलंय, कारण मागच्या वर्षी केर काढताना ते हललं आणि दिवाळी अंकाची सहा पानं सेव्ह न होताच गेली.