डिजिटल पल्स प्रोसेसर : चार महिन्यांच्या वापरानंतर

गॅमा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण आले, याचा आलेख) मोजण्यासाठी आम्ही अनेक वर्षे अ‍ॅनालॉग शेपिंग अ‍ॅम्प्लिफायर (डिटेक्टरच्या विद्युत पल्सला मोजण्याजोगा आकार देणारे उपकरण) वापरत होतो. गेले चार महिने त्याचे काम एक डिजिटल पल्स प्रोसेसर करतो आहे. जर्मेनियम डिटेक्टरच्या प्रीअम्प्लिफायरमधून (डिटेक्टरलगतच्या पहिल्या वर्धकातून) येणारी पल्स म्हणजे झटकन चढणारी आणि सुमारे 50 मायक्रोसेकंदांच्या कालांकाने (उतरण्याचा वेग सांगणाऱ्या कालावधीने) उतरत जाणारी पायरी असते. हे उपकरण तिचे थेट अंकांत रूपांतर करते, उतार गणिताने काढून टाकते आणि तिला समलंब चौकोनाचा आकार देते. त्या चौकोनाची उंची म्हणजे ऊर्जा. जॉर्डानोव्ह आणि नोल यांनी 1994 मध्ये मांडलेल्या पद्धतीत हे काम मोजक्या आकडेमोडीत होते, म्हणूनच ते मोजमाप चालू असतानाच पार पडते.

या उपकरणाची मला सर्वाधिक भावलेली बाब म्हणजे चौकोनाची चढण (तिरक्या बाजूचा कालावधी) आणि माथा (वरच्या सपाट भागाचा कालावधी) स्वतंत्रपणे ठरवता येतात. चढण वाढवली की प्रीअम्प्लिफायरचा सिरीज नॉइज (विद्युत गोंगाटाचा एक प्रकार) घटतो, पण गळती प्रवाहाचा पॅरलल नॉइज (त्याचा दुसरा प्रकार) वाढू लागतो, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी विभेदन (जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) सर्वोत्तम असते. कोबाल्ट-60 चे 1332 केव्हीचे (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) शिखर घेऊन प्रत्येक चढणीला त्याची रुंदी मोजली, तेव्हा आलेख आधी उतरला आणि मग पुन्हा चढला. सिद्धांत असा समोर उमटलेला पाहणे फार समाधानाचे होते. माथ्याचे कारण वेगळे आहे. मोठ्या स्फटिकात विद्युतभार गोळा व्हायला काहीशे नॅनोसेकंद लागतात आणि माथा त्याहून आखूड ठेवला, तर शिखराला कमी ऊर्जेच्या बाजूला शेपूट फुटते.

स्वयंचलित पोल-झीरो जुळणीवर (उतार काढण्यासाठी पल्सचा कालांक आपोआप ठरवण्यावर) मात्र मी विसंबणार नाही. तिने ठरवलेला कालांक किंचित चुकला होता आणि मोजणीदर वाढताच शिखर सरकू लागले. पल्सचा आकार पडद्यावर पाहत तो हाताने दुरुस्त करावा लागला. पाइल-अप (दोन पल्स एकमेकींवर चढणे) ओळखणारी जलद वाहिनी चांगली आहे, तरीही अगदी जवळ आलेल्या दोन पल्स तिला वेगळ्या दिसत नाहीत, त्यामुळे प्रखर सीझियम-137 स्रोतासमोर त्याच्या 661.7 केव्हीच्या गॅमा किरणाच्या दुपटीला, म्हणजे सुमारे 1323 केव्हीला, एक लहान शिखर उरतेच.

डेड टाइमच्या (उपकरण नवी पल्स नोंदवू शकत नाही त्या वेळेच्या) दुरुस्तीची परीक्षा घ्यायची असल्यास कोबाल्टचा स्रोत जागचा न हलवता सीझियमचा स्रोत हळूहळू जवळ आणावा आणि लाइव्ह टाइमच्या (उपकरण नोंद घ्यायला मोकळे असते त्या वेळेच्या) प्रत्येक सेकंदामागे कोबाल्टच्या शिखरातील नोंदी तेवढ्याच राहतात का, ते पाहावे. आमच्याकडे मध्यम मोजणीदरापर्यंत त्या सांख्यिकीय चढउताराच्या मर्यादेत स्थिर राहिल्या. त्यापुढे चढण आखूड करून विभेदनाचा थोडा त्याग करावा लागला.