जे शेल्टर तोंडावर ‘नाही’ म्हणतं त्याला माझे चार स्टार

कुत्र्यामांजरांच्या ह्या शेल्टरचं नाव लिहीत नाहीये, आधीच सांगते. मागे कुणीतरी लोकेशनसकट कौतुकाची पोस्ट टाकली होती, तर लगेच लोकांनी रात्रीचं गेटबाहेर टोमॅटोच्या क्रेटमधून पिल्लं ठेवून जायला सुरुवात केली, काहींचे तर डोळे पण उघडले नव्हते. तेव्हा एवढंच की पुण्याहून दिवेघाट चढून गेलं की पलीकडे आहे, खरी गरज असेल तर तुमच्या व्हेटकडे नंबर मिळेलच.

ह्यांना ऑनलाइन बरेच एक स्टार पडलेत, ते सगळे मी बसून वाचून काढलेत (हो, रिकामा वेळ होता). फिरून फिरून तक्रार तीच. आम्ही आमचा कुत्रा घेऊन गेलो, घेतला नाही. आम्हाला पिल्लू हवं होतं, दिलं नाही. आमच्या गल्लीतली कुत्री उचला म्हणलं तर वर आम्हालाच कायदा शिकवला. आणि मी नेमकी ह्याच तिन्ही गोष्टींसाठी स्टार देतेय.

माझा संबंध आला तो काळूबाईमुळे, आमच्या सोसायटीतली कुत्री. कानामागे जखम झाली, पावसाळा, माश्या बसल्या आणि बघता बघता अळ्या पडल्या. ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये तो वास काय असतो. वॉचमनकाकांनी टॉपिक्युअर (जखमेवर मारायचा स्प्रे) मारला, पण जखम खोल गेली होती, जवळच्या क्लिनिकवाल्यांनी हात लावला नाही, मग ह्यांना फोन. फोनवर पहिला प्रश्न काय तर ‘बरी झाल्यावर जिथून उचलताय तिथेच परत सोडायची आहे, न्यायला तुम्ही येणार ना?’ मला रागच आला, म्हणलं बाई आधी जगू तर दे. आता कळतंय तो प्रश्न सगळ्यात आधी का विचारतात ते. न्यायला कुणी येतच नाही. आणून सोडणारे भरपूर, पाया पडतात, रडतात, आणि डिस्चार्जच्या दिवशी फोन स्विच ऑफ. मग बरा झालेला धडधाकट कुत्रा केनल अडवून बसतो आणि त्याच दिवशी कमरेवरून गाडी गेलेला एखादा जागा नाही म्हणून परत जातो. काळूबाईचा फॉर्म भरताना उचलल्याची जागा, जवळची खूण, सोसायटीतल्या दोघांचे नंबर, सगळं घेतलं आणि घरी सोडताना नसबंदी, रेबीजची लस आणि कानाला तो छोटा कट (नसबंदी झाल्याची खूण), सगळं करूनच दिलं.

नंतर मी शनिवारी जायला लागले, म्हणजे जमेल तसं. म्हणून आतलं थोडं सांगू शकते.

पहिल्यांदा जाणाऱ्याचा हिरमोड होतो हे नक्की. आपल्या डोक्यात शेल्टर म्हणजे गेट उघडलं की पन्नास कुत्री शेपट्या हलवत अंगावर येणार आणि आपण मस्त रील काढणार. इथे तसं काही नाही. गेटवर ब्लीचच्या पाण्याचा ट्रे, त्यात चपलेसकट पाय बुडवायचे, हात धुवायचे, घरी आजारी कुत्रा आहे का ते विचारणार, असेल तर आत नोच. पिल्लांच्या खोलीत तर व्हिजिटरला अजिबात सोडत नाहीत, काचेतून बघा. लोक चिडतात, ‘एवढं काय, उचलून घेतलं तर मरणारे का?’ अहो हो, मरू शकतं! पार्व्होचा व्हायरस जमिनीत महिनोन् महिने टिकून राहतो, चपलेच्या तळव्याला लागून येतो, फिनाइलने मरत नाही, ब्लीचच लागतं. लस न झालेल्या पिल्लाला लागला की उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि कालपर्यंत चप्पल चावणारं पिल्लू दोन-तीन दिवसांत संपतं. आणि पिल्लांची लस एकदा टोचली की झालं असं नसतं, दीड-दोन महिन्याचं झालं की पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी परत, साधारण चार महिन्याचं होईपर्यंत. आईच्या दुधातून आलेली ताकद लसीला नीट काम करू देत नाही म्हणून परत परत द्यावी लागते, हे मला तिथल्या पॅरा-वेट (व्हेटची मदतनीस) मुलीने अगदी शांतपणे, एकीकडे सलाइन लावता लावता समजावलं होतं. म्हणून नवीन आलेलं प्रत्येक जनावर आधी क्वारंटाइनला. डिस्टेंपर म्हणून कुत्र्यांचा दुसरा व्हायरस आहे, त्याचं तर लगेच कळत पण नाही, आधी नुसतं नाक-डोळे वाहतात, सर्दी वाटते, फिट्स मागाहून सुरू होतात. मी आता कुठल्याही शेल्टरला गेले की आधी क्वारंटाइन कुठंय ते विचारते. सगळी एकत्र आनंदाने बागडताना दिसली की फोटो छान येतात पण माझ्या पोटात गोळा येतो.

साफसफाईची ऑर्डर ठरलेली. मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात, गावातलेच आहेत) आधी पिल्लांकडे, मग धडधाकट, मग ऑपरेशनवाले आणि सगळ्यात शेवटी आयसोलेशन. उलटं कधीच नाही. आयसोलेशनची चप्पल वेगळी, झाडू वेगळा, त्याच्या दांड्याला लाल पट्टी. एकदा एका कॉलेजच्या पोराने लाल पट्टीवाला झाडू दुसऱ्या वॉर्डात नेला तर मामांनी त्याला जो काही झापलाय, पोरगं रडकुंडीला आलं. मला मामा तेव्हापासूनच आवडायला लागले.

जेवण म्हणजे भात, चिकनचे पाय-माना, लाल भोपळा, चिमूटभर हळद. मीठ नाही, कांदा-लसूण अजिबात नाही. मोठं पातेलं मध्ये ठेवून तुटून पडा असलं काही नाही, प्रत्येकाचा वाडगा वेगळा. वेळ जातो पण कुणी खाल्लं नाही ते कळतं. भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर नाव, खाणं, शी, औषध. ‘तलाठी – अर्धं खाल्लं, शी पातळ, जंताचं द्यायचंय.’ तलाठी का तर बोलावल्यावर कधीच येत नाही, स्वतःच्या वेळेने येतो 😄 भज्या, पापलेट, सरपंच अशी सगळी मंडळी त्या बोर्डावर. तो बोर्ड रोज भरला जातो की नाही ह्यावरून मला तरी शेल्टर कसंय ते कळतं, मोठ्ठं केनल आणि रंगवलेल्या भिंती बघून नाही कळत.

आता ‘आमच्या गल्लीतली उचला’वाले. हे लोक हॉस्पिटल, एबीसी (अॅनिमल बर्थ कंट्रोल) सेंटर आणि शेल्टर ह्या तिन्हीत गोंधळ करतात. मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे ना, बाई साकरबाई पेटिट, 1883 पासूनचं, ते हॉस्पिटल. एबीसी सेंटर म्हणजे पकडून नसबंदी करून, लस टोचून परत सोडायचं. आणि कायदा विचाराल तर 2001 पासून नियम आहेत, मार्च 2023 मध्ये नवे आले, त्यात पण गाभा तोच, नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचलला त्याच भागात सोडा. मधे 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली-एनसीआरमधली सगळी कुत्री शेल्टरमध्ये टाका असा आदेश दिला होता, 11 तारखेला, आणि 22 तारखेलाच मोठ्या बेंचने तो बदलला, म्हणजे रेबीजवाली किंवा फार आक्रमक सोडून बाकीची नसबंदी-लस करून परत त्याच भागात. मग नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन ह्या आवारातली मात्र उचलून शेल्टरला न्यायची, परत सोडायची नाहीत असा वेगळा आदेश आला. लोकांनी व्हॉट्सअपवर पहिलं वाचलं, पुढचं वाचलंच नाही, आणि ह्यांच्या फोनवर ‘आता तुम्हाला न्यावीच लागतील’ सुरू. अहो एक तर ही खाजगी ट्रस्ट, मनपा नाही, आणि दुसरं म्हणजे गल्लीतली चार लस झालेली उचललीत की महिन्याभरात पाच नवी येतात, लस न झालेली. कचऱ्याचा ढीग तिथेच असतो ना. चावणारा असेल, वागणं अचानक बदललं असेल तर मात्र हे लोक फोनवर पाचही मिनिटं न घालवता मनपाचा नंबर देतात आणि आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा हे सांगतात. मलाही कुत्र्यांना हात लावायला देण्याआधी रेबीजची प्रिव्हेंटिव्ह इंजेक्शनं घ्यायला लावली होती, तीन. दंड दुखला, पण बरं झालं.

अॅडॉप्शनचं सांगते. आईला मांजर हवं होतं, तिच्याबरोबर गेले. मी तिथे ओळखीची, वाटलं लगेच मिळेल. कसलं काय! चार पानी फॉर्म, घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी, घरात सगळ्यांची तयारी आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार, आधीचं मांजर कशाने गेलं. आई म्हणाली ‘अगं ह्यांनी तर तुझ्या लग्नात तुझ्या सासरच्यांनी विचारलं नव्हतं एवढं विचारलं.’ मग एक मुलगी घर बघायला आली, चौथा मजला, गॅलरीला जाळी नाही, म्हणाली काकू जाळी लावा मग फोटो पाठवा, तोपर्यंत मांजर नाही. आई दोन दिवस फुगून बसली. पण पडलेली मांजरं मी तिथे बघितलीत, जबडा तुटलेली, तारेने बांधून ठेवलेली, लोकांना वाटतं मांजर कुठूनही पायावरच पडतं. जाळी लावली, मांजर आलं, आता आईच्या देवघरात झोपतं आणि आईला चालतं!

पिल्लू नाकारतात त्याचं पण कारण असतंच. नवराबायको दोघं सकाळी आठ ते रात्री आठ बाहेर, आणि हवंय दोन महिन्यांचं पिल्लू? त्यांना हे लोक मोठं, शिकलेलं इंडी (म्हणजे आपलं गावठी कुत्रं) सुचवतात. लोकांना मोठं नको असतं, मग एक स्टार.

आणि सरेंडर, म्हणजे घरचं पाळलेलं जनावर शेल्टरला देऊन टाकणं. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, सॉरी. हस्की, लॅब, पर्शियन मांजरं, एकदा तर सेंट बर्नार्ड, पुण्याच्या एप्रिलमध्ये!! कारणं ऐका, बदली झाली, घरात बाळ येणारे, ज्योतिषाने सांगितलं, केस गळतात. केस गळतात?? ब्रीडरकडच्या माद्या तर वेगळंच प्रकरण, पिल्लं काढून काढून पोट लोंबलेलं, दात झिजलेले, आणि कामाच्या राहिल्या नाहीत की हायवेला सोडायच्या. जनावर असं सोडून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर दहा ते पन्नास रुपये, घाटावरच्या टपरीवर दोन वडापाव आणि चहा घेतला तरी जास्त होतात. हे शेल्टर घरची कुत्री घेत नाही म्हणजे अगदीच हाकलत नाही, तुमच्याच घरी ठेवून फोटो काढून नवीन घर शोधायला मदत करतात, ट्रेनरशी बोलून देतात, नसबंदी करून घ्या म्हणतात. मालक गेला, मागे कुणीच नाही, अशी केस मात्र लगेच घेतात. मला पटतं. कारण घरात सोफ्यावर वाढलेला लॅब केनलमध्ये आला की पहिले काही दिवस जेवतच नाही, गेटकडे तोंड करून बसतो, गल्लीतलं इंडी बिनधास्त जुळवून घेतं, ह्याला जमत नाही.

बरं, आता नावं पण ठेवते. फोन उचलत नाहीत. म्हणजे उचलतात, पण तुमचं नशीब असेल तर. दोघीजणी सगळं बघतात हे मला माहितीये, पण रस्त्यावर रक्तबंबाळ कुत्रा समोर ठेवून उभ्या असलेल्या माणसाला ते माहीत नसतं, निदान रेकॉर्डेड मेसेज तरी लावा. मॅपवरचा पिन चुकीच्या वळणावर नेतो, मागच्या वर्षीपासून सांगतेय. मांजरांची खोली फारच लहान, वरती पत्रा, उन्हाळ्यात भट्टी होते, कूलर आहे पण लाइट जाते तेव्हा काय? देणगीची 80जीची (टॅक्समधून सूट मिळते ती) पावती मिळते पण दोनदा आठवण करून दिल्यावर, ते पण मार्च एंडला. आणि ते इन्स्टा चालवणारं जे कोण आहे त्यांनी रडकं म्युझिक बंद करावं, प्लीज, तलाठीला ते शोभत नाही.

एक स्टार कापला तो फोनसाठी.

जाणार असाल तर रविवारी सकाळी जा, आधी मेसेज टाकून. जुनी वर्तमानपत्रं, जुन्या चादरी, टॉवेल चालतात, कापसाच्या गोधड्या आणि उशा नको, फाडून कापूस गिळतात आणि मग ऑपरेशनची वेळ येते. दिवाळीनंतर पिल्लांचा सीझन असतो, तेव्हा चार-सहा आठवडे फॉस्टर करणारी, म्हणजे तात्पुरतं सांभाळणारी घरं त्यांना देणगीपेक्षा जास्त लागतात, लस-औषधं ते देतात, जागा आणि वेळ तुमचा. आणि पारले-जीचे बॉक्स नेऊ नका, मामा तोंडावर परत देतात.