चिंचोके, चांदण्या की घंटा वाजवण्याचा मान? वर्गातल्या बक्षिसांची तुलना

पस्तीस मुलांचा वर्ग, शिक्षक एक आणि बक्षिसांसाठी वेगळा निधी नाही. नाशिक शहरातल्या महापालिकेच्या शाळेत असो की पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर, बहुतेकांची स्थिती हीच असते. अशा वर्गासाठी बक्षिसाची पद्धत निवडताना आधी किंमत पाहिली जाते. पण स्वस्त पद्धतीही बंद पडतात, कारण त्या शिक्षकाचा वेळ खातात. म्हणून इथे रुपयांसोबत मिनिटेही मोजली आहेत.

वस्तू आणि टोकन

नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजा या बाजारभागात दहा पेन्सिलींचे पाकीट साधारण 40 ते 60 रुपयांना मिळते. महिन्यातून एकदा प्रत्येकाला एक म्हटले तरी 35 पेन्सिलींचे पावणेदोनशे रुपये होतात आणि जून ते एप्रिलपर्यंत अकरा महिन्यांत हा आकडा 1925 च्या आसपास जातो. हा खर्च बहुधा शिक्षकाच्या खिशातूनच होतो.

टोकन, म्हणजे साठवून पुढे बक्षिसाशी बदलायची खूण, वापरले की वस्तू कमी लागतात. चिंचोके फुकट मिळतात, पण ते मुलांच्या घरीही असतात आणि दुसऱ्याच आठवड्यात खिशातून बाहेर येऊ लागतात. म्हणून त्यांची एक बाजू ऑइलपेंटने रंगवून घ्या किंवा चिंचोके मुलांच्या हाती न देता वहीच्या शेवटच्या पानावर सहीची खूण करा. चोरी आणि भांडणे दोन्ही टळतात. दर असे ठेवता येतील: 5 खुणांना एक दिवस हवी ती जागा, 10 ला पेन्सिल, 15 ला गोष्टीचे पुस्तक दोन दिवस घरी.

खरी अडचण येते दुकान उघडण्याच्या, म्हणजे खुणा बक्षिसांशी बदलून घेण्याच्या दिवशी. शनिवारी एकदम 35 मुलांची देवाणघेवाण केली, तर प्रत्येकी अर्ध्या मिनिटाने अठरा मिनिटे जातात आणि बाकीचा वर्ग मोकाट सुटतो. सात-सात मुलांचे पाच गट करा आणि रोज एकच गट घ्या. चार मिनिटांत काम आटोपते.

टोकन चालते ते कंटाळवाण्या, सरावाच्या कामाला: पाढे, शुद्धलेखन, वेळेवर वही देणे. तेही पाच-सहा आठवडेच. पहिले दोन आठवडे प्रत्येक वेळी खूण द्या, मग तिसऱ्या-चौथ्या वेळी, मग अधूनमधून न सांगता. एकदम थांबवले तर पाढेही थांबतात.

मुलांना जे मुळातच आवडते, त्यावर टोकन लावू नका. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्र काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना चित्राबद्दल प्रमाणपत्र देऊ असे आधीच सांगितले होते. पुढे मोकळ्या वेळात हीच मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र टिकली. वाचनपेटीतली पुस्तके आपणहून उचलणाऱ्या मुलाला प्रत्येक पुस्तकामागे खूण देणे म्हणूनच तोट्याचे आहे.

सगळ्या वर्गाची बरणी

खर्च शून्य, वेळ दिवसाला दोन मिनिटे. मोठ्या वर्गासाठी आमची पहिली पसंती हीच.

पारदर्शक बरणीत आधी 50 चिंचोके टाकून पाहा, पातळी जिथे येईल तिथे रेघ मारा आणि बरणी रिकामी करा. मग एकच वर्तन ठरवा, उदाहरणार्थ घंटेनंतर दोन मिनिटांत वही उघडणे; ते साधले की दर वेळी एक चिंचोका बरणीत. रोज पाच-सहा संधी येतात, त्यांतल्या चार साधल्या तर साधारण बारा दिवसांत, म्हणजे शाळेच्या दोन आठवड्यांत, रेघ गाठली जाते. त्याहून लांब गेले तर पहिली-दुसरीच्या मुलांचा उत्साह ओसरतो. बक्षीस म्हणून वीस मिनिटे खो-खो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात मैदान मिळत नाही, तेव्हा गाण्याच्या भेंड्या किंवा मुलांनी निवडलेली गोष्ट.

मोफत बक्षिसे पुरतात का, ही शंका रास्त आहे. 1969 मध्ये बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ या अमेरिकन संशोधकांनी चौथीच्या एका वर्गात दोन गटांचा खेळ लावला. बक्षिसे होती जेवणाच्या रांगेत पहिला नंबर, चांदण्या, थोडा मोकळा वेळ. जागा सोडणे आणि मध्येच बोलणे, दोन्ही ठळकपणे कमी झाले.

बरणी बिघडते दोन कारणांनी. शिक्षक रागाच्या भरात चिंचोके काढून घेतात आणि सगळा वर्ग एका मुलावर तुटून पडतो. एकदा टाकलेला चिंचोका परत काढायचा नाही, हा नियम पाळाच. दुसरे म्हणजे ‘सगळ्यांनी केले तरच’ ही अट. त्याऐवजी सकाळी एका मुलाच्या नावाची चिठ्ठी गुपचूप काढा. त्या मुलाने केले तर दोन जादा चिंचोके आणि नाव जाहीर. केले नसेल तर नाव कधीच सांगायचे नाही.

मान

घंटा वाजवणे, परिपाठात बातम्या वाचणे, फळ्यावर तारीख-वार-सुविचार लिहिणे, ग्रंथपेटी सांभाळणे, शिक्षकांच्या खुर्चीवर बसून धडा वाचणे. यांना पैसा लागत नाही आणि गावभर सांगण्यासारखे असते. मात्र हे मान फिरून फिरून त्याच चार-पाच चुणचुणीत मुलांकडे जातात. पाच मानांपैकी तीन हजेरीपटाच्या क्रमाने द्या, दोनच कमावण्यासाठी ठेवा. झाडलोट आणि पाणी भरणे या यादीत नको. ही कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे गावात मुलांनाही कळते. ती सगळ्यांनी पाळीने करायची.

चिठ्ठी आणि शेरा

मुलाच्या घरी पाठवायच्या कौतुकाच्या चार चिठ्ठ्या एका ए-फोर कागदात होतात, म्हणजे अख्ख्या वर्गाला नऊ कागद पुरतात. रोज दोन लिहिल्या तर तीन आठवड्यांत सगळी मुले होतात. मजकूर नेमका हवा: ‘आज हातच्याची बेरीज तीनदा चुकली तरी सोडली नाही.’ ‘हुशार आहे’ लिहू नका. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 च्या प्रयोगांत हुशारीचे कौतुक झालेली मुले अपयशानंतर मागे हटली, मेहनतीचे कौतुक झालेली टिकून राहिली. पालकांना वाचता येत नसेल तर मूलच वाचून दाखवते, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवा.

भिंतीवरचा चांदण्यांचा तक्ता सोपा, पण नावांसह लावला की शेवटची रिकामी ओळ रोज सगळ्यांना दिसते. लावायचाच तर प्रत्येकाच्या वहीत. चॉकलेट नको: संपले की परिणामही संपतो आणि दातांचे नुकसान राहते.

शंभर टक्के हजेरीचे बक्षीस आपल्या नाशिक जिल्ह्यात विशेष अन्यायाचे ठरते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत काम सुरू झाले की पेठ-सुरगाण्याची कुटुंबे मुलांसह हलतात, आणि तो निर्णय मुलाचा नसतो. बक्षीस परत आल्याच्या दिवसाला ठेवा: त्या सकाळी घंटा त्याच मुलाने वाजवावी.

नव्याने सुरू करत असाल तर जूनमध्ये फक्त मान आणि रोजच्या दोन चिठ्ठ्या, जुलैच्या मध्यापासून बरणी. टोकन एखाद्या अडलेल्या कौशल्यासाठी राखून ठेवा. वर्षाला दोनशे रुपये हाती असतील, तर ते पेन्सिलींऐवजी वाचनपेटीतल्या चार-पाच पातळ गोष्टींच्या पुस्तकांवर घाला.