उदयपूर ते रणकपूर: टॅक्सीला २ स्टार, देवळाला ५

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन उदयपूरला गेलेलो, त्यातला एक दिवस रणकपूरच्या जैन मंदिरासाठी ठेवला होता. टॅक्सी हॉटेलच्या समोरूनच ठरवली, रणकपूर प्लस कुंभलगडचा किल्ला एका दिवसात, डिझायर, टोल पार्किंग धरून ३८०० रुपये. टॅक्सीवाल्याचं नाव लिहीत नाही, कारण आधी चार ठिकाणी विचारलं तर चौघांचं हेच पॅकेज होतं, आणि माझी खरी तक्रार या पॅकेजबद्दलच आहे.

सकाळी ८ ला निघालो. गोगुंदा, जसवंतगड, सायरा असा रस्ता, साधारण ९० किलोमीटर. गोगुंद्यात १५७२ मध्ये महाराणा प्रतापांचा राज्याभिषेक झाला, तिथे ५ मिनिटं थांब म्हटलं तर "वहाँ कुछ नहीं है" म्हणून पठ्ठ्याने गाडी दामटली. सायराच्या पुढे अरवलीचा घाट उतरायला लागतो. आपल्या ताम्हिणीसारखी वळणं पण धबधबे बिबधबे काही नाही, कोरडं जंगल, कठड्यावर ओळीने बसलेली काळ्या तोंडाची वानरं, आणि सीताफळाच्या पाट्या घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या बायका. आम्ही सासवडचे, त्यामुळे बाबांनी गाडी थांबवून एक फोडून खाल्लंच. "गोड आहे, पण बियाच जास्त" असा निकाल आला, आणि तरी दोन किलो घेतली. घाटात एसी बंद (गाडी गरम होते म्हणे) आणि एका हातात मोबाईल. आईने तोंडात आवळासुपारी धरून डोळे मिटून घेतले ते खाली पोचेपर्यंत.

साडेदहाला पोचलो तेव्हा कळलं की पर्यटकांना मुख्य मंदिरात १२ नंतरच सोडतात, ५ पर्यंत. सकाळची वेळ पूजेची. हे त्या ड्रायव्हरला माहीत नसणार असं होऊच शकत नाही, पण निघताना एक शब्द बोलला नाही. असो, त्यामुळे आवारातली पार्श्वनाथ आणि नेमिनाथ या तीर्थंकरांची छोटी देवळं निवांत बघून झाली, तीही कोरीव आहेत, एरवी धावपळीत कोणी तिकडे फिरकत नाही. मग भोजनशाळेत जेवलो. कांदा लसूण बटाटा काही नाही, पातळ वरण, गरम फुलके, दोन भाज्या. आईने एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

आत जाताना चामड्याचं काहीही चालत नाही, पाकीट, पट्टा सगळं बाहेर ठेवायचं. हे आधीच वाचून ठेवा. बाबांचा पट्टा काउंटरवर गेला आणि पुढचे तीन तास ते एका हाताने पॅन्ट धरून फिरत होते.

बाहेरून देऊळ किल्ल्यासारखं दिसतं, पायऱ्या चढून आत गेलं की मात्र बोलणं बंद होतं. १४४४ खांब, २९ दालनं, ८० घुमट, आणि एका खांबाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही म्हणतात. आई मोजायला लागली आणि साठाच्या आसपास नाद सोडला. धरणा शाह नावाच्या व्यापाऱ्याने मेवाडच्या राणा कुंभाच्या काळात बांधून घेतलं, शिल्पकार देपा, शिलालेख १४३९ चा. मधे आदिनाथ, म्हणजे जैनांचे पहिले तीर्थंकर, चार दिशांना चार मूर्ती, म्हणून चौमुखा. एवढे खांब असून काळोख कसा नाही हे मला कळेना, ते बाबांनी दाखवलं (बाबा सरकारी खात्यात ओव्हरसिअर होते, बांधकामावर देखरेख करणारे). दालनांच्या मधे उघडे चौक सोडलेत, ऊन तिथून उतरतं आणि संगमरवरावर पसरतं, १२ ला पांढरे दिसलेले खांब ३ वाजता पिवळसर झाले होते. मेघनाद मंडपात मान दुखेपर्यंत वर बघत बसलो. छतावर कोरलेली कल्पवल्ली (इच्छा पुरवणारी वेल), १००८ फण्यांचा पार्श्वनाथ, एक मुद्दाम वाकडा ठेवलेला खांब, हे गाइड दाखवतोच, पण आदिनाथाकडे तोंड करून हात जोडलेला धरणा शाह एका खांबावर छोटासा कोरलाय तो शोधाच. एवढं सगळं बांधलं आणि स्वतःला जागा किती घेतली तर वीतभर.

तर एक वाजताच ड्रायव्हरचे फोन सुरू, चलो कुंभलगड बंद हो जाएगा. पॅकेजमध्ये रणकपूरला १ तास! एका तासात फोटो होतात, देऊळ बघून होत नाही. आम्ही सरळ कुंभलगड कॅन्सल केला, पैसे अर्थातच कमी झाले नाहीत. ३६ किलोमीटरच्या तटबंदीच्या किल्ल्याला तसाही वेगळा दिवस हवा. तुम्ही जाणार असाल तर फक्त रणकपूरची गाडी ठरवा, १० ला निघा, आणि १२ ते ५ ची वेळ स्वतःच ड्रायव्हरला सांगा.

परतीला सायरा आल्यावर बाबांच्या लक्षात आलं, पट्टा काउंटरवरच राहिला. ड्रायव्हरने मागे फिरायचे ४०० एक्स्ट्रा सांगितले. शेवटी उदयपूरला हाथीपोळच्या बाजारात १५० चा कापडी पट्टा घेतला, राजस्थानी भरतकामाचा, आणि तोच लावून ते आता सासवडात बँकेत जातात.