जेफेटचा बायस: सेल्फ की डिव्हायडर?

जेफेट हा ट्रान्झिस्टरचा एक प्रकार: ड्रेनकडून सोर्सकडे वाहणारा प्रवाह गेटवरचं व्होल्टेज ठरवतं. एन-चॅनल जेफेटचा गेट सोर्सपेक्षा ऋण ठेवायचा (हाच बायस), एवढं ठरलेलं. तो कसा ठेवायचा, यावर मात्र माझं मत फिरलं.

सेल्फ बायस मला आजही देखणा वाटतो. गेट 1 मेगच्या (दहा लाख ओहम) रेझिस्टरमधून ग्राउंडला, सोर्सखाली एक रेझिस्टर, संपलं. प्रवाहच सोर्सला वर उचलतो, गेट आपोआप ऋण. भजनी मंडळाच्या वीणेला पिएझो (कंपनांचा विद्युत सिग्नल करणारी चकती) चिकटवून तो सिग्नल वाढवणारा पहिला प्रीअँप असाच केला: बीएफडब्ल्यू 10 हा जेफेट, दोन बॅटऱ्यांचे 18 व्होल्ट, सोर्सला 1 के (हजार ओहम), ड्रेनला 4.7 के. ड्रेन 10 व्होल्टवर, म्हणजे जवळपास मधोमध. खूश!

मग आणखी तिघांनी मागितले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकाच पुडीत आणलेले जेफेट, तरी दुसऱ्या बोर्डावर ड्रेन 5 व्होल्टच्या खाली आणि सोर्स 3 च्या आसपास. तार जरा जोरात छेडली की आवाज फाटायचा. त्यात त्या जेफेटची चूक नाही. डेटाशीटच आयडीएसएस (गेट-सोर्स जोडल्यावर वाहणारा प्रवाह) 8 ते 20 मिलिअँपिअर सांगते. सोर्सला प्रीसेट (स्क्रूने बदलता येणारा रेझिस्टर) लावून एकेक बोर्ड मीटरवर जुळवला. सहा महिन्यांनी एक जेफेट गेला, मंडळातल्या पोराने दुसरा बसवला, आणि मी फोनवर: "ड्रेनवर मीटर धर. आता स्क्रू अर्धा फिरव. नाही रे, उलटा." तिथे माझं मन उडालं.

आता गेटला 1 मेग आणि 270 केचा डिव्हायडर, म्हणजे 18 व्होल्ट विभागणारे दोन रेझिस्टर; मध्ये चारेक व्होल्ट. सोर्स आणि ड्रेन, दोन्हींना 3.3 के. सोर्सवर सहा-सात व्होल्ट पडतात, त्यात गेटचे चार ठरलेले, त्यामुळे जेफेटच्या स्वभावाला फार वाव उरत नाही. त्याच दोन जेफेटमध्ये ड्रेनचा फरक दीडेक व्होल्टवर आला. प्रीसेट गेला.

फुकट नाही हे. डिव्हायडर थेट गेटला जोडला तर पिएझोला दोनशे-सव्वादोनशे केच दिसतात आणि खर्ज पातळ होतो. म्हणून मधल्या टोकापासून गेटपर्यंत 1 मेग वेगळा. त्याच टोकावर 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मी आधी विसरलो होतो. बॅटरीवर कळलंच नाही, अॅडॉप्टर लावल्यावर वीणेआधी घरघर सुरू.

एकच नग, तोही 9 व्होल्टवर आणि स्वतःपाशी राहणार असेल, तर सेल्फ बायसच बरा. तिथे गेटसाठी चार व्होल्ट खर्चणं परवडत नाही. बोर्ड परगावी जाणार असेल तर मी तरी दोन रेझिस्टर जास्त लावतो.