हायटरची बाटली: हिवाळ्यातल्या उलट्या-जुलाबांच्या साथीत खरी कामाला येणारी

तोक्योतल्या निशि-कासाईत नवीन राहायला आलेली मराठी मंडळी पहिल्या थंडीच्या आधी विचारतात, काय काय घेऊन ठेवू? मी हीटर आणि रजईच्या आधी हायटर सांगते. काओ कंपनीचं क्लोरीनचं ब्लीच. ६०० मिलीची बाटली औषधांच्या दुकानात दोन-तीनशे येनच्या आसपास मिळते. लोक ती पांढऱ्या कपड्यांवरचे डाग काढायला घेतात. मी ती नोरो या उलट्या-जुलाबांच्या विषाणूसाठी घेते, आणि त्या कामात तिच्या तोडीची दुसरी वस्तू मला तोक्योत सापडलेली नाही.

ज्यांची मुलं होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात जातात, त्यांना नोरो कोण हे सांगावं लागत नाही. नोव्हेंबर लागला की त्याची कुजबुज सुरू होते आणि डिसेंबर-जानेवारीत साथ ऐन भरात येते. विषाणू पोटात गेल्यावर एक-दोन दिवस काहीच कळत नाही. मग एकदम उलटी, तीही अशी की पोर झोपेतून उठून बसायच्या आत अंथरूण भरलेलं. मागोमाग जुलाब, पोटात कळा, थोडा ताप. धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत सावरतो. पण या विषाणूला मारणारं औषध नाही आणि लसही नाही. डॉक्टर उलटी कमी व्हायला काहीतरी देतात आणि पाणी पाजत राहा म्हणतात. जुलाब घट्ट थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, त्याने बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. आपल्या हातात उरतं ते एवढंच, की एकाचं दुखणं घरातल्या दुसऱ्याकडे जाऊ द्यायचं नाही.

आणि तिथेच आपण सगळे ज्याच्यावर विसंबतो ते सॅनिटायझर तोकडं पडतं. फ्लूच्या किंवा कोरोनाच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं. नोरोला तसलं आवरणच नाही. दुकानांच्या दारात ठेवलेल्या पंपाने हात चोळून आपण निर्धास्त होतो, पण नोरोपुढे साधं अल्कोहोल फारसं चालत नाही. शंभराच्या आत कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो, म्हणून थोडंफार चाललं याला इथे अर्थ नाही. हात साबणाने, नखांच्या आणि अंगठ्याच्या बेचक्यातून चोळून, वाहत्या पाण्याखाली धुवायचे. साबण विषाणू मारत नाही, तो हातावरून सुटतो आणि वाहून जातो. आजाऱ्याचं काढल्यावर मी दोनदा धुते. जमीन, नळ, दाराची मूठ यांना साबण लावून वाहतं पाणी सोडता येत नाही, तिथे क्लोरीनच लागतं.

आता बाटली घेताना. हायटर नावाच्या पुष्कळ बाटल्या फळीवर शेजारी शेजारी उभ्या असतात आणि इथेच आपल्या बायका फसतात. कपड्यांचं साधं हायटर आणि स्वयंपाकघरातलं किचन हायटर ही दोन्ही क्लोरीनची, दोन्हींत सोडियम हायपोक्लोराइट असतं, दोन्ही चालतात. किचनवाल्यात साबणासारखा घटक घातलेला असतो, एवढा फरक. वाइड हायटर मात्र वेगळं. ते ऑक्सिजनचं, रंगीत कपड्यांसाठी बनवलेलं, नोरोसाठी ते घेऊन उपयोग नाही. जपानी वाचता येत नसेल तर दुकानातल्या माणसाला ‘एन्सो-केई’, म्हणजे क्लोरीनचं का, एवढंच विचारा. ‘सान्सो-केई’, म्हणजे ऑक्सिजनचं, म्हणाला तर बाटली परत ठेवा.

प्रमाण हा या वस्तूचा प्राण आहे. इथल्या सरकारी पत्रकांत सांगतात तेच मी वापरते आणि मराठीत लिहून न्हाणीच्या दाराला आतून चिकटवलं आहे. उलटी किंवा शी पडलेल्या जागेसाठी ०.१ टक्का: पाण्याची ५०० मिलीची रिकामी बाटली घ्यायची, त्याच बाटलीच्या झाकणाने दोन झाकणं हायटर, वर पाणी. झाकणात साधारण ५ मिली बसतं, म्हणजे १० मिली झालं. दाराच्या मुठी, दिव्याची बटणं, फ्लशचा दांडा यांच्यासाठी ०.०२ टक्के: तेवढ्याच पाण्यात अर्ध्या झाकणाहून किंचित कमी, २ मिली. मोजायला चमचा शोधत बसावं लागत नाही, हे मला फार आवडतं. मात्र त्या पाण्याच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘विष, पिऊ नये’ लिहाच आणि काम झालं की ओतून टाका. दिसायला ते पाण्यासारखंच असतं आणि तहानलेलं पोर काहीही तोंडाला लावतं. शिवाय केलेलं पाणी ठेवलं की त्याचा जोर कमी होतो, दर वेळी ताजंच करायचं.

गेल्या जानेवारीत धाकट्याने रात्री तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत उलटी केली तेव्हा सासूबाई रत्नागिरीहून आलेल्या होत्या. त्या लगेच पदर खोचून पोतेरं शोधायला लागल्या. मी म्हटलं, “आई, तुम्ही हात लावू नका, मी करते.” त्या म्हणाल्या, “अगं, इतक्या पोरांचं काढलंय मी, मला काय होतंय?” पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे दुखणं सोसत नाही. अंगातलं पाणी लवकर जातं आणि उलटी श्वासनलिकेत जायची भीती असते. त्यांना मास्क लावून दुसऱ्या खोलीत नातवाजवळ बसवलं आणि चमच्याने पाणी पाजायचं काम दिलं. ते त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं.

साफ करायची रीत मी ठरवून ठेवली आहे, कारण रात्री दोन वाजता डोकं चालत नाही. खिडकी उघडायची, थंडी वाजली तरी. हातमोजे आणि मास्क, घरी जुना रेनकोट असेल तर तोही. उलटी दिसते त्याहून पुष्कळ लांब उडालेली असते, दोन मीटरपर्यंतची जमीन पुसायची असं धरून चालायचं. आधी कागदी टॉवेलने बाहेरून आत, चेंगरून न पसरवता, सगळा गाळ उचलायचा आणि पिशवीत टाकायचा. गाळ तसाच ठेवून वर क्लोरीन ओतलं तर ते त्या घाणीतच खर्च होतं, विषाणूपर्यंत पोचत नाही. गाळ गेल्यावर ०.१ टक्क्याच्या पाण्यात भिजवलेले कागद जमिनीवर पसरून दहा मिनिटं ठेवायचे, मग साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. पिशवीतही थोडं क्लोरीनचं पाणी ओतून तोंड घट्ट बांधायचं आणि ती दुसऱ्या पिशवीत घालायची. हे पाणी फवाऱ्याने मारू नका. श्वासात जातं आणि सुकत चाललेली घाण हवेत उडते.

फुटॉन, म्हणजे जमिनीवर घालायची इथली गादी, आणि तातामी यांच्यावर मात्र हायटर चालत नाही, रंग उडतो. तिथे गाळ पुसून घेतल्यावर वाफेची इस्त्री एकेका जागेवर दोन-दोन मिनिटं धरली. विषाणूला ८५ अंशांच्या वरची उष्णता मिनिटभर तरी लागते. पांढऱ्या चादरी हायटरच्या पाण्यात भिजवल्या, रंगीत कपडे कढत पाण्यात. मोरीत धुतलं की मोरीलाही मग ०.१ टक्क्याचं पाणी. होइकुएनमध्ये उलटी झाली तर भरलेले कपडे न धुताच दुहेरी पिशवीत बांधून घरी देतात, कारण धुताना शिंतोडे उडतात. पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण ते बरोबर आहे.

तोट्याचंही सांगते. वास डोकं धरवणारा आहे आणि बाथरूमला खिडकी नसलेल्या इथल्या छोट्या घरांत तो रेंगाळतो. पंखा लावून ठेवा. नळ, कड्या, स्टीलची भांडी यांच्यावरून दहा मिनिटांनी साध्या पाण्याचं फडकं फिरवलं नाही तर धातू खराब होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: संडास धुवायचं आम्लाचं औषध, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड यांच्याशी ते कधीही मिसळू द्यायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. इथे पुष्कळ जणी किटलीतला क्षार काढायला सायट्रिक ॲसिड ठेवतात. माझ्याकडे ते स्वयंपाकघरात आणि हायटर न्हाणीच्या वरच्या फळीवर, मुलाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी असतं.

“आपण कच्ची कालवं खात नाही, आपल्याला कशाला होतंय,” असं आमच्या इमारतीतल्या शाकाहारी मैत्रिणी म्हणतात. मी कोकणातली, कालवं मला माहीत आहेत, आपल्याकडे ती शिजूनच ताटात येतात. इथे हिवाळ्यात लिंबू पिळून कच्ची खातात आणि त्यातून नोरो होतो, हे खरंच. शिजवायची तर आतपर्यंत ८५ ते ९० अंशांवर दीड मिनिट तरी. पण २०१७ सालच्या फेब्रुवारीत तोक्योतल्याच ताचिकावा शहरात शाळेच्या जेवणातून हजारावर जणांना बाधा झाली, ती भातावर भुरभुरलेल्या नोरीच्या कातरणातून. ती नोरी आधीच्या डिसेंबरात ओसाकात उघड्या हातांनी कापलेली होती. वाळक्या समुद्री शेवाळावर बसून विषाणू सुमारे दोन महिने टिकला. त्याच्याही आधी, २०१४ च्या जानेवारीत, हामामात्सुच्या शाळांत पावातून हजारावर मुलं आजारी पडली. म्हणजे प्रश्न कालवांचा कमी आणि हातांचा जास्त. बरं वाटायला लागल्यावरही शीतून विषाणू आठवडाभर, कधी महिनाभर जात राहतो. म्हणून उलट्या थांबल्या की लगेच डबे भरायला लागू नका, तोवर स्वयंपाक दुसऱ्याने करावा. टॉवेल वेगळे, किंवा सरळ कागदी. टबातल्या एकाच पाण्यात सगळ्यांनी उतरायची इथली पद्धत असते, आजाऱ्याने त्या दिवसांत टबात उतरू नये, वरून पाणी घेऊन अंग धुवावं.

पाजायचं काय? इथे ओएस-वन हे मीठ-साखरेचं पाणी मिळतं, ओत्सुका कंपनीचं, तयार बाटलीत आणि जेलीतही. लिटरमागे सोडियम ५० मिलिमोल, ग्लुकोज १०० च्या आसपास. आपल्या इलेक्ट्रालच्या मोठ्या पुडीत जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे दोन्ही ७५. थोडी साखर आणि थोडं मीठ एकत्र आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात, तत्त्व दोन्हीकडे तेच. १९७१ मध्ये पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर पटकीची हजारो माणसं वाचवली, ते आपल्याच देशातलं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. नुसत्या नोरोच्या उलट्या-जुलाबांना ओएस-वन पुरतं. एक वर्षापुढच्या, शाळेत न जाणाऱ्या मुलाला दिवसाकाठी ३०० ते ६०० मिली, मोठ्यांना ५०० ते १००० मिली, असं बाटलीवरच दिलेलं असतं. गावाहून येणाऱ्यांना इलेक्ट्रालही आणायला सांगते. ती पुडी लिटरभर पाण्यातच घालायची, पेल्यात चिमूट-चिमूट नाही. उलटी झाल्यावर थोडं थांबून मग दर काही मिनिटांनी एकेक चमचा. पेला तोंडाला लावू दिला की पोर घटाघटा पितं आणि सगळं परत बाहेर येतं. सासूबाईंनी चमच्यामागून चमचा अर्धी रात्र दिला. सकाळी पेज मागून घेतली पोराने. लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, पोर मलूल पडलं, तर वाट बघायची नाही. रात्रीच्या वेळी मुलांसाठी #८००० या नंबरवर सल्ला मिळतो, डॉक्टरकडे न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं हे ते सांगतात.

दोन दिवसांनी नवऱ्याला झालंच. आईंना झालं नाही. हे सगळं हायटरमुळेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, त्यांनी जेवणाआधी आणि संडासनंतर हात धुण्यात हयगय केली नाही हेही तितकंच खरं. पण एवढ्याशा घरात, एकाच संडासावर सगळं घर असताना त्या वाचल्या, म्हणून मी प्रत्येकीला आग्रहाने ही बाटली घ्यायला सांगते.

घेताना साठा करू नका. बंद बाटलीतही क्लोरीनचा जोर महिन्यामहिन्याने उतरतो, उन्हात किंवा गरम जागी ठेवली तर आणखी लवकर. मी नोव्हेंबरात नवी बाटली घेते आणि जुनी बेसिनच्या, चहाच्या कपांच्या डागांना वापरून संपवते. सोबत हातमोज्यांचं खोकं, कागदी टॉवेल, जाड पिशव्या आणि ओएस-वनच्या दोन बाटल्या, सगळं एकाच बादलीत.